नगरपालिकेतील जोतीराव

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडईची दगडी इमारत ५ ऑक्टोबर १८८६ रोजी खुली झाली, तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. मधोमध सुमारे ८० फूट उंचीचा अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती आठ दिशांना पसरलेले आठ पाखे असलेली ही वास्तू त्या काळी शहराच्या प्रगतीची खूण मानली गेली. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई आहे. ज्या जोतीराव गोविंदराव फुले यांचे नाव या इमारतीवर आहे, त्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना तिच्या उभारणीला विरोध केला होता. मंडईत रोज भाजी घेणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असते.

जोतीरावांचे चरित्र महाराष्ट्राला परिचित आहे. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी, शेतकऱ्याचा असूड हे त्यातील टप्पे शाळकरी मुलांनाही सांगता येतात. मात्र १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि शहराचा पैसा कोठे व कोणासाठी खर्च व्हावा या प्रश्नावर तेथे त्यांनी आपले म्हणणे निर्भीडपणे मांडले, हा भाग चरित्रग्रंथांत चार-दोन पानांतच आटोपतो. शहरात काय बांधायचे आणि काय बांधायचे नाही याचा निर्णय कोणी घ्यायचा, हा वाद आजही प्रत्येक पालिकेच्या सभागृहात झडतो. म्हणून त्यांच्या आयुष्याकडे या बाजूनेही पाहायला हवे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांच्या वाड्याला फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई चिमणाबाई गेल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी विवाह झाला. १८४१ ते १८४७ या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी या कामापायी पती-पत्नीला वडिलांचे घर सोडावे लागले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने त्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला, त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

समाजसुधारक म्हटला की तो फकिरी वृत्तीचा आणि व्यवहाराला पारखा असणार, अशी आपली एक समजूत असते. जोतीराव तसे नव्हते. ते व्यापारी होते, कंत्राटदार होते आणि बागायतदारही होते. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या नावाने सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध आला. दगड, चुना, खडी पुरविणे, मजूर लावणे, बिले काढणे हे सारे त्यांनी स्वतः केले. धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणाऱ्या साहित्याची एजन्सीही त्यांच्याकडे होती. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी जमीन घेऊन शेती केली.

या धंद्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे आर्थिक स्वावलंबन. ज्या माणसाला आपल्या मतासाठी कोणाच्या पगारावर अवलंबून राहावे लागत नाही, त्याच्या मताला वेगळीच धार येते. दुसरी गोष्ट म्हणजे इमारत कशी उभी राहते, तिच्यावरचा पैसा कोणकोणत्या हातांतून जातो आणि मजुराच्या हाती शेवटी किती पडतो याचे प्रत्यक्ष ज्ञान. बांधकाम खात्यातील खालच्या अधिकाऱ्यांच्या लाचखोरीवर आणि मजुरांच्या पिळवणुकीवर त्यांनी पुढे लिहिले, ते ऐकीव माहितीवर नव्हे. साहजिकच, बांधकामाच्या एखाद्या प्रस्तावाला जोतीरावांनी विरोध केला, तर त्यांना त्यातले कळत नाही असे म्हणण्याची सोय कोणाला नव्हती.

पुण्याची नगरपालिका १८५० च्या कायद्याखाली त्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाली. आजच्या वाचकाला नगरपालिका म्हटले की निवडणूक आठवते. त्या वेळी तसे काही नव्हते. सभासद सरकार नेमत असे. शहरातील प्रतिष्ठित, श्रीमंत, पेन्शनर, वकील, सरदार घराण्यांतील मंडळी यांतून नावे निघत आणि सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती असत. जकात, घरपट्टी असे कर मात्र सगळ्या शहराकडून वसूल होत. लाखभर वस्तीच्या पुण्यात कर भरणारा आणि निर्णय घेणारा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यासंबंधीचा प्रसिद्ध ठराव मे १८८२ मध्ये आला आणि त्यानंतर निवडणुकीचे तत्त्व हळूहळू अमलात येऊ लागले. जोतीरावांचा सभासदत्वाचा काळ त्या आधीचा आहे. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारी प्रस्तावाला मान डोलवावी, ही तेव्हाची अलिखित रीत होती.

नेमणूक झाली ते वर्षही लक्षात घ्यावे लागेल. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. गावे ओस पडली, माणसे अन्नासाठी शहरांकडे निघाली. जोतीरावांनी आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची, म्हणजे संघटना जेमतेम तीन-चार वर्षांची होती. एकीकडे उपाशी मुलांच्या पंगती आणि दुसरीकडे नगरपालिकेच्या सभेतील खर्चाची पत्रके, अशा दोन जगांत ते एकाच वेळी वावरत होते. त्यांचे सभागृहातील वर्तन समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरता येणार नाही.

त्याआधीच्या एका घटनेचा येथे उल्लेख केला पाहिजे. पाणी हा कोणत्याही नगरपालिकेचा पहिला विषय. पुण्याला पेशवाईपासून कात्रजच्या तलावातून नळाने पाणी येई आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत साठत असे. या हौदांवर अस्पृश्यांना जाण्याची मुभा नव्हती. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या जुन्या गंज पेठेतील घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी त्यांनी कोणाकडे अर्ज केला नाही की ठरावाची वाट पाहिली नाही. सार्वजनिक सोय ही खरोखर सर्व जनांची असली पाहिजे, हा विचार सभागृहात जाण्याच्या आठ वर्षे आधी त्यांनी आपल्या अंगणात अमलात आणला होता.

नगरपालिकेतील त्यांच्या कामगिरीची नोंद राहिली ती मुख्यतः तीन प्रसंगांमुळे. पहिला प्रसंग दारूच्या दुकानांचा. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे कार्यकारी अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. दुकानांचे परवाने देणे सरकारच्या अबकारी खात्याच्या अखत्यारीत होते; त्यातून मिळणारे उत्पन्न सरकारला हवे होते. पण दुकान उघडते ते शहरातल्या एखाद्या गल्लीत, आणि त्याचे परिणाम भोगतात त्या गल्लीतली कुटुंबे. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते, आणि त्याच शहरात माणसांचे आरोग्य व संसार बुडविणाऱ्या दुकानांची संख्या वाढत जाते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. वस्तीत दारूचे दुकान नको म्हणून आज महिला मोर्चे काढतात, मतदान घडवून आणतात. त्या मागणीचा एक जुना धागा या पत्रापर्यंत जातो.

दुसरा प्रसंग व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताचा. लिटन पुण्याला भेट देणार म्हणून शहर सजविण्यासाठी आणि मानपत्रासाठी हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. लिटन यांची कारकीर्द सर्वांच्या परिचयाची होती. दुष्काळाने देश होरपळत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबाराचा थाट त्यांनीच केला होता, आणि १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्यांच्याच काळात आला. जोतीरावांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या दीनबंधू या पत्राने त्या कायद्यावर टीका केली होती. जोतीरावांनी सभेत सुचविले की, हे हजार रुपये शहरातील गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करावेत. प्रस्ताव मताला टाकला गेला. ३२ नियुक्त सभासदांपैकी विरोधात मत पडले ते एकट्या जोतीरावांचे.

ठराव अर्थातच मंजूर झाला. एका मताने काय साधले, असे कोणी विचारू शकेल. शहराच्या अंदाजपत्रकाच्या दृष्टीने काहीच साधले नाही. परंतु जे ३१ जण गप्प राहिले त्यांत त्या काळचे विद्वान, कायदेपंडित, देशहिताच्या चळवळीत वावरणारे असे कोणीच नसतील असे मानणे कठीण आहे. सरकारची गैरमर्जी ओढवून घेण्याची तयारी मात्र माळ्याच्या घरात जन्मलेल्या कंत्राटदाराने दाखविली. सरकारी कंत्राटावर ज्याचे पोट होते त्यानेच ती दाखवावी, ही गोष्ट विशेष मानली पाहिजे.

तिसरा प्रसंग मंडईचा, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा. त्या वेळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी माल घेऊन येत आणि उघड्यावरच विक्री चाले. ऊन, पाऊस, चिखल, घाण यांपासून या बाजाराची सुटका व्हावी आणि शहराला शोभेल अशी पक्की मंडई उभी राहावी, अशी कल्पना नगरपालिकेत पुढे आली. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड यांनी उभारलेले भव्य मार्केट १८६९ मध्ये पूर्ण झाले होते. इलाख्याच्या दुसऱ्या राजधानीला तसेच काही हवे, असे पुण्याच्या कारभाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

जोतीरावांनी या योजनेला विरोध केला. त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांचाही विरोध होता. मुद्दा तोच होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा. शहरातील गोरगरिबांच्या मुलांसाठी पुरेशा शाळा नसताना दगडी मनोरा उभारणे ही चैन आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती बहुमताला पटली नाही. योजना मंजूर झाली, शुक्रवार पेठेत तुळशीबागेजवळची जागा निवडण्यात आली, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले आणि काही लाख रुपये खर्चून इमारत पूर्ण झाली. तोपर्यंत जोतीराव सभासद राहिलेले नव्हते.

त्यांचा विरोध योग्य होता काय? मंडईच्या बाजूने बोलायचे तर बरेच बोलता येते. ही इमारत शंभरहून अधिक वर्षे शहराच्या उपयोगी पडली. शेतमाल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळाले. आसपासच्या खेड्यांतील माळी आणि कुणबी यांच्याच मालाची ती बाजारपेठ होती, आणि जोतीरावांची सारी लेखणी झिजली ती याच वर्गासाठी. मग शेतकऱ्यांच्या कैवाऱ्याने शेतकऱ्यांच्या बाजाराला विरोध का करावा, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर त्यांच्या इतर लेखनात सापडते. १८८३ मध्ये त्यांनी लिहून पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याची जी अवस्था वर्णिली आहे, तीत नगरपालिकेच्या जकातीलाही स्थान आहे. शेतकऱ्याकडून नाक्यावर कर घ्यायचा, त्या पैशातून शहरात इमारती बांधायच्या, आणि शेतकऱ्याची मुले मात्र अक्षरशून्य ठेवायची, हा व्यवहार त्यांना मुळातच अन्यायाचा वाटत होता. पक्की मंडई म्हणजे गाळ्यांचे भाडे, आणि भाडे म्हणजे शेतकऱ्यापेक्षा अडत्याची सोय. शिवाय शेतकरी निरक्षर असेल तर बाजार उघड्यावर भरला काय किंवा मनोऱ्याखाली भरला काय, हिशेबात तो फसणारच. बांधकामाला त्यांचा सरसकट विरोध होता असे मुळीच नाही. त्याच ग्रंथात त्यांनी नाल्या-ओढ्यांवर बांध घालावेत, तळी व धरणे बांधावीत, त्यासाठी सरकारने पलटणी व पोलीस यांतील रिकाम्या माणसांचे बळ वापरावे, असे सुचविले आहे. पाझरून जाणारे पाणी शेतात अडविणारा बांध त्यांना हवा होता. शहराची शोभा त्यांच्या यादीत खाली होती.

हंटर शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी सादर केलेले निवेदन याच संदर्भात वाचले पाहिजे. त्यात स्वतःची ओळख देताना त्यांनी व्यापारी आणि शेतकरी यांबरोबर नगरपालिका सभासद असाही उल्लेख केला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही या निवेदनातील मागणी सर्वपरिचित आहे. नगरपालिकांविषयीची शिफारस मात्र क्वचितच कोणी सांगते. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च नगरपालिकांनी उचलावा, असे त्यांनी म्हटले. परंतु शाळांचा कारभार पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असेही बजावले. सहा वर्षे सभागृहात बसून आलेल्या माणसाचा हा अनुभव होता. पैसा नगरपालिकेकडे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तो गरिबांच्या मुलांपर्यंत आपोआप पोचणार नाही हेही. सभागृहातील बहुमत कोणत्या वर्गाचे आहे, हे त्यांनी मंडईच्या वेळी पाहिले होते.

जोतीराव पुण्यात हे वाद घालत होते त्या वेळी आजचा जालना जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचे नगरपालिकांचे कायदे तेथे लागू नव्हते. पुढे मराठवाडा मुक्त झाला, १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून जालना जिल्हा झाला, आणि २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्या वेळी शहराचा कारभार निर्वाचित सभागृहाऐवजी प्रशासकाकडे होता. रस्ता कोठून जाणार, बाजार कोठे भरणार, कोणते गाळे पाडणार आणि कोणाला देणार हे निर्णय नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने होत असतील, तर कर भरणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातील अंतर पुन्हा १८७६ सारखेच होते. जालन्यातील फुले मार्केटमध्ये खरेदीला जाणाऱ्यांनाही या नावामागची मंडईची कथा कळली तर आवडेल.

नगरपालिकेतून बाहेर पडल्यावरची जोतीरावांची वर्षे लेखनाची, समाजकार्याची आणि हळूहळू आर्थिक ओढाताणीची होती. १८८५ मध्ये सत्सार आणि इशारा प्रसिद्ध झाले. २ मार्च १८८८ रोजी हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी आयोजित केलेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले. लिटन यांच्या स्वागताला एकट्याने विरोध करणारा सभासद हाच होता, हे लक्षात घेतले की या प्रसंगाचे आश्चर्य वाटत नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथे झालेल्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापले गेले.

नगरपालिकेशी त्यांचा शेवटचा संबंध आला तो मृत्यूनंतर. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले होते, आणि गंज पेठेतील घराच्या मागच्या बाजूस त्यासाठी खड्डाही तयार करून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. परंतु राहत्या वस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही. नियमाच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. घरांच्या दाटीत दफनाला कोणतीही पालिका सहसा परवानगी देत नाही. ज्या सभागृहात त्यांनी सहा वर्षे आपले म्हणणे मांडले आणि बहुतेकदा हरले, तेथेच त्यांच्या अखेरच्या इच्छेलाही नकार मिळाला, एवढेच. देहाचे दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून नातलगांत वाद उभा राहिला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. नंतर अस्थी घरामागच्या त्या जागेत ठेवण्यात आल्या. आज ज्याला समताभूमी म्हणतात त्या फुले वाड्यातील समाधी ती हीच.

त्यांच्या नावावरून सभागृहातले वाद त्यानंतरही थांबले नाहीत. १९२४ मध्ये रे मार्केटच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला; त्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांनी केले. १९२५ मध्ये नगरपालिकेचे तरुण सभासद केशवराव जेधे यांनी महात्मा फुले यांचाही पुतळा शहरात असावा, अशी सूचना आणली. ज्या सभागृहाचे जोतीराव स्वतः सभासद होते तेथेच त्यांच्या पुतळ्याला कडाडून विरोध झाला आणि ती सूचना फेटाळली गेली. या प्रकरणाने ब्राह्मणेतर चळवळीत संतापाची लाट उसळली. दिनकरराव जवळकर यांची देशाचे दुश्मन ही पुस्तिका त्याच वर्षी निघाली. तिच्यावरून खटला झाला, जवळकर, जेधे आणि इतरांना शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकील म्हणून बाजू मांडल्यावर ते सुटले. एका पुतळ्याच्या जागेचा प्रश्न पालिकेच्या सभेतून असा न्यायालयापर्यंत गेला.

मंडईला जोतीरावांचे नाव मिळाले ते आचार्य प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने. अत्रे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जोतीरावांवर त्यांची निस्सीम भक्ती. १९५४ मध्ये त्यांनी महात्मा फुले हा चित्रपटही काढला. नामांतराच्या वेळी जोतीरावांनी या इमारतीला विरोध केला होता याची आठवण कोणी ठेवली असेल किंवा नसेल. गव्हर्नरचे नाव जाऊन माळ्याच्या मुलाचे नाव आले, यात काव्यात्म न्याय आहे हे खरे. पण इमारतीला नाव देणे सोपे असते. मंडईच्या खर्चाला त्यांनी जो पर्याय सुचविला होता, त्या शाळांचे काम त्यापेक्षा कितीतरी अवघड ठरले. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झाला, म्हणजे हंटर आयोगापुढील निवेदनानंतर ३६ वर्षांनी.

ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये शाळा भरली, त्याची कथा तर अलीकडचीच. वाडा जीर्ण झालेला, त्यात दुकानदार भाडेकरू, आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी हवी, असा हा पेच होता. पुणे महापालिकेने जागा ताब्यात घेण्याचे ठरविल्यावर भाडेकरू न्यायालयात गेले आणि प्रकरण कित्येक वर्षे रेंगाळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला पोलीस बंदोबस्तात रात्रीतून वाडा उतरविण्यात आला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी जेथे मुलींना पहिले धडे दिले, ती वास्तू स्मारकासाठी पाडावी लागली.

गंज पेठेतील फुले वाडा १९७२ मध्ये राज्य संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. त्याच परिसरात सावित्रीबाईंचेही स्मारक आहे. ही दोन्ही स्मारके एकमेकांना जोडून विस्तार करण्याची योजना गेल्या काही वर्षांत पुढे आली, आणि तीसाठी दोहोंच्या मधली घरे व जागा ताब्यात घेण्याचा प्रश्न उभा राहिला. मधल्या त्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे कष्टकरी वर्गातील आहेत. आपले पुनर्वसन कोठे होणार, याच पेठेत की शहराबाहेर, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.